थांबाबाईंचे नवे ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंगशी झटापट करत असतो आणि शेजारी बसलेला माणूस तोंडाने गोड बोलत, एक पाय गुपचूप त्या ब्रेकवर ठेवून असतो. बाईंनी अशी एकतीस वर्षं काढली. त्यांची "थांबा" म्हणायची एक खास पद्धत होती. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही, पण त्या शब्दाला असं वजन द्यायचं की शिकणारा तर थांबेच, पण एकदा समोरून सायकलवर येणारा पोस्टमनही पाय टेकून उभा राहिला होता. तेव्हापासून त्यांचं नाव थांबाबाई पडलं. तोंडावर सगळे नुसतं "बाई" म्हणत. पाठीमागे काय म्हणतात ते बाईंना ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडतही होतं.

शिकवायची गाडी संस्थेची. बाईंची स्वतःची वेगळी. लग्नानंतर चौथ्या वर्षी कुणाकडून तरी घेतलेली, फिकट निळी, आणि आकाराने इतकी लहान की उंच माणूस आत बसला की गुडघे हनुवटीला यायचे. चाकं तर जेवायच्या ताटाहून फार मोठी नव्हती. त्या जातीच्या गाड्या बनायच्या बंद होऊन जमाना झाला होता. पण बाईंनी तिचं इंजिन दोनदा उघडून घेतलं, पत्रा तीनदा रंगवला, आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी फडक्याने पुसल्याशिवाय त्या चहा घेत नसत.

यजमान घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं. खिडकीजवळ उजेड, वर भिंग, आणि छोट्या छोट्या काचेच्या वाट्यांत घातलेली चाकं नि स्क्रू. गल्लीत त्यांना घड्याळजी म्हणत. माणूस मितभाषी. दिवसाला वीस वाक्यं बोलले तर बाई विचारत, "बरं वाटतंय ना?"

गेल्या वर्षीची गोष्ट. घड्याळजींची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं, वर डोंगरातल्या गावात एकट्या राहत. जन्मभर शिवणकाम केलं. आता सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "हे मशीन घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको. म्हणजे डोळ्यांसमोर आहे की नाही तेही धड दिसत नाही म्हणा." मशीन जुन्या ओतीव लोखंडाचं, पायट्यासकट. ते मागच्या सीटवर कसंबसं कोंबलं, वर कापडांच्या दोन ट्रंका, पुढे ही दोघं, आणि गाडी घाट उतरू लागली.

उतार लांब होता. पुढे एक लाकडाने भरलेला ट्रक रांगत होता, त्याच्यामागे बाई सतत ब्रेकवर होत्या. ट्रक वळून गेला आणि रस्ता मोकळा झाला, तेव्हा त्यांना वास आला. इस्त्रीखाली कापड करपावं तसा. पुढच्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. पेडल पायाला घट्ट लागलं, नेहमीसारखंच. पण गाडीला त्याचं काही सोयरसुतकच नव्हतं. त्यांनी आणखी दाबला. जवळजवळ उभ्याच राहिल्या त्याच्यावर. गाडी आपली चालली.

बाईंनी जे हजारो लोकांना शिकवलं होतं ते केलं. एक एक करत गिअर खाली आणला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि वळणाच्या आतल्या बाजूला रस्तेवाल्यांनी टाकलेला खडीचा ढीग दिसला त्यात गाडी घातली. धप्प आवाज झाला. मागचं मशीन पुढच्या सीटवर आदळलं. मग सगळं शांत. समोर दरी होती, पण ती बरीच लांब, वीस-पंचवीस पावलं तरी.

कुणाला खरचटलंही नव्हतं. तासाभराने चाकं निवली आणि ब्रेक पुन्हा लागू लागले, जसं काही झालंच नव्हतं. बाईंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने घरी आणली. किल्ली खुंटीला लावली. आणि त्यानंतर चार महिने ती किल्ली खुंटीवरून उतरली नाही.

कारणं मात्र भरपूर होती. कधी बॅटरी उतरली असेल, कधी गुडघा दुखतोय, कधी जवळच तर जायचंय, चालत जाऊ. गाडी पुसणं मात्र चालू होतं. घड्याळजी खिडकीतून पाहत आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावत.

मग वन्सं डॉक्टरकडे जाऊन आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन खाली शहरात, मग दर आठवड्याला तपासणी. त्यांनी बाईंकडेच येऊन राहावं हे ओघानेच आलं. घोडं अडलं ते आणायचं कसं यावर. वन्संना बस लागायची. नुसती लागायची नाही, चालताना दिसली तरी पोटात ढवळायचं. भाड्याच्या गाडीवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोनवर त्या ठणकावून म्हणाल्या, "त्या बसच्या डबड्यात बसले तर आंधळी व्हायच्या आधीच ओकून मरेन. मला तुझी निळी गाडीच हवी. ती मला मानवते."

"बघते हं वन्सं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी घड्याळजी टेबलावरून उठून स्वयंपाकघरात आले. बाई भाजी निवडत होत्या. ते समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनीही चार शेंगा हातात घेतल्या.

"तुला भीती वाटते," ते म्हणाले. प्रश्न नव्हता.

बाईंनी एक शेंग सोलली. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं लोकांना सांगितलं, ब्रेकवर विश्वास ठेवा. आता माझाच पाय विचारतो, खरं का?"

"पाय बरोबर विचारतोय. त्याला खरं उत्तर दे की."

"म्हणजे?"

"म्हणजे चूक तुझी नव्हती, ब्रेकची होती. घड्याळ मागे पडलं तर आपण काळाला दोष देत नाही. मागचं झाकण उघडतो." आणि एवढं बोलून, दिवसाचा कोटा संपल्यासारखे, ते शेंगा सोलत बसले.

दुसऱ्या दिवशी बाई चौथ्याकडे गेल्या. हा चौथा म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. गाडीच्या परवान्याची परीक्षा तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेला, आणि पुढे मिस्त्री झालेला. गाडी चालवण्यात तो अजूनही बेताचाच, पण उघडण्यात आणि जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता पन्नाशीला आला होता, केस पिकले होते, स्वतःचं गॅरेज होतं, तरी बाई दारात दिसल्या की हातातला पाना खाली ठेवून उभा राहायचा.

त्याने माणूस पाठवून गाडी गॅरेजात ओढून आणवली, पुढचं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उतरवला आणि आतून बोट फिरवून दाखवलं. लोखंड निळसर झालं होतं, तापून.

"बाई, हे ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. आत घर्षण होतं, आत तापतं, आणि वाफ जायला जागा नाही. गावात ठीक आहे. पण मोठ्या उतारावर, एवढं वजन घेऊन... शिजणारच." मग त्याने कपाटातून एक लोखंडी चकती काढून बाईंच्या हातात दिली. जाड होती, पण कडेने पाहिलं तर एक नव्हती, दोन चकत्या होत्या. मध्ये फट, आणि फटीत चाकाच्या आऱ्यांसारख्या पट्ट्या. "ही बघा. वहीच्या पानांत बोट घालून ती उघडी धरावी तशी. फिरताना मधून वारा खेळतो. दोन्ही बाजूंनी ब्रेक पकडतो आणि मधून थंडही होत राहतो. पुढच्या दोन चाकांना हे बसवू. मागे ड्रमच राहू देत, नवीन लायनर घालून. थांबवण्याचं खरं ओझं पुढच्या चाकांवरच येतं."

"हे माहिती आहे मला," बाई म्हणाल्या. "तुला तिसऱ्या परीक्षेच्या आधी मीच सांगितलं होतं."

"हो. म्हणून तर तिसऱ्यांदा नापास झालो. पुढच्या चाकांचा विचार करत सिग्नल ओलांडला."

बाईंनी एकच अट घातली. काम त्याच्या देखरेखीखाली, पण हात त्यांचेही लागले पाहिजेत. जो बोल्ट आपण आवळला नाही त्याच्यावर पाय कसा ठेवायचा? चौथ्याने मान हलवली. बाईंना नाही म्हणायची त्याची कधी टाप नव्हती.

मग रोज सकाळी बाई यजमानांचा जुना सदरा घालून गॅरेजात जाऊ लागल्या. जुने ड्रम उतरले, गंजलेले पाइप निघाले, चाकाच्या मधल्या हबचा मोठा नट पान्याला लांब नळी लावून दोघांनी मिळून सैल केला. पहिली अडचण तिसऱ्या दिवशी आली. नवी चकती बसली, तिला धरणारा कॅलिपर बसला, आणि वरून चाक चढवायला गेलं तर चढेना. बाईंच्या गाडीची चाकं इतकी छोटी की कॅलिपर आतून घासत होता.

चौथ्याने सुचवलं, "मोठी चाकं घालू. पुष्कळ लोक घालतात."

बाईंनी गाडीकडे पाहिलं. "नको. शाळकरी पोरीला बापाचे बूट घातल्यासारखं दिसेल. आणि स्टिअरिंगही जड होईल. दुसरं काही?"

दुसरं होतं. याच जातीची चकती, पण एक माप लहान. ती मागवली. यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत बाईंनी मागचे ब्रेक स्वतः उघडून, साफ करून, लावून टाकले. लहान चकती आल्यावर चौथ्याने खेळण्यातल्या चिकट मातीचा गोळा घेतला, कॅलिपरवर थापला, चाक चढवून हाताने हळूच फिरवलं आणि पुन्हा उतरवलं. मातीवर चाकाने जिथे दाबलं होतं तिथे किती जाडी उरली ते पट्टीने मोजलं. तीन मिलिमीटर.

"पुरे?" बाईंनी विचारलं.

"बाई, घासत नाही म्हणजे पुरे. शेजाऱ्यांचंही असंच असतं."

सगळं जोडून झालं, नवं ब्रेक ऑइल भरलं, आता पाइपांतली हवा काढायची होती. याला माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा स्क्रू उघडायचा, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, स्क्रू बंद करायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. चौथ्याला उजव्या चाकाशी बसायचं होतं आणि बाईंना बुडबुडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. म्हणून पेडलवर घड्याळजींना बसवलं.

ते स्टिअरिंगसमोर बसले ते जवळजवळ तीस वर्षांनी. लग्नानंतर बाईंनी त्यांना गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता. तो चार दिवस चालला. पाचव्या दिवशी घड्याळजी शांतपणे म्हणाले होते, "आपला संसार चांगला आहे. तो टिकवू," आणि उतरून गेले होते.

"दाबा," बाई चाकापासून ओरडल्या.

घड्याळजींनी दाबलं.

"धरा... धरून ठेवा... अहो, सोडलंत कशाला!"

"तू धरा म्हणालीस. किती वेळ ते नाही म्हणालीस."

पुन्हा हवा आत गेली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला बाईंच्या तोंडून सवयीने त्यांचा तो जुना आवाज निघाला, "थांबा," आणि घड्याळजींचा पाय जागच्या जागी असा रुतला की चौथ्याने स्क्रू बंद करून, हात पुसून, पाणी पिऊन येईपर्यंत हलला नाही. त्यानंतर काम भराभर झालं. नळीतून येणारं ऑइल एकसंध, बिनबुडबुड्याचं दिसू लागलं आणि पेडल पायाखाली कणखर झालं.

बाईंनी गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. चार महिन्यांनी पहिल्यांदा. वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी थांबली, अशी थांबली की बाई पट्ट्यात पुढे ओढल्या गेल्या. चौथा टाळ्या वाजवू लागला. पण बाई उतरल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

"पेडल पायाखाली धडधडतंय. अगदी बारीक. उंदराच्या काळजासारखं."

चौथ्याने स्वतः चालवून पाहिलं. "नवीन आहे बाई. बसेल हळूहळू."

"बसणार नाही. आणि बसलं तरी मी बसणार नाही."

चौथ्याला काही जाणवलं नव्हतं. बाई हट्टाने बोलतायत असंच त्याला वाटलं असावं, कारण तो नुसता हसला. तेवढ्यात मागे उभे असलेले घड्याळजी म्हणाले, "मोजता येतं का ते?"

मोजता येत होतं. चौथ्याने आतून एक मापक आणलं: घड्याळासारखी गोल तबकडी, एक काटा, आणि खाली एक दांडी. दांडीचं टोक चकतीला टेकवायचं आणि चकती फिरवायची. चकती सरळ असेल तर काटा स्थिर, वाकडी असेल तर काटा डोलतो. घड्याळजींनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बाईंना लग्नातला फोटो आठवला. गाडीशेजारी जमिनीवर बसकण मारून त्यांनी खिशातून भिंग काढलं.

डावीकडचा काटा जेमतेम हलला. उजवीकडचा डोलला. फार नाही, पण डोलला, आणि दर फेरीला एकाच जागी.

"चकती वाकडी निघाली की काय?" चौथा काळजीत पडला.

"चकती ठीक आहे," घड्याळजी म्हणाले. "हिच्या खाली काहीतरी आहे. घड्याळातही असंच होतं. चाक सरळ असतं, बैठकीत कचरा असतो."

चकती पुन्हा उतरवली. जिथे ती हबला टेकते त्या गुळगुळीत कडेवर, भिंगाखाली, जुन्या गंजाचा एक खपला चिकटलेला दिसला. तिळापेक्षा लहान. चौथ्याने तारेच्या ब्रशने ती कड घासली होती, तरी तो तेवढा राहून गेला होता. घड्याळजींनी घरून आपली बारीक कानस मागवली नाही; ती सदऱ्याच्या खिशातच होती. दहा मिनिटं ते त्या कडेवर काम करत राहिले. मधूनच फुंकर मारत, बोटाने चाचपत. पुन्हा जोडलं, पुन्हा मापक लावलं. काटा झोपल्यासारखा पडून राहिला.

चौथ्याने कान पकडले. "बाई, चुकलो. चौथ्यांदा."

"लक्षात आलं ना? झालं तर मग," बाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस चकतीला पकडणारे नवे पॅड तिला सरावण्यात गेले. पन्नासच्या वेगावरून वीसवर यायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं पळवून गार करायचं, पुन्हा तसंच. आयुष्यभर लोकांना पूर्ण थांबायला शिकवलेल्या बाईंना हे अर्धवट थांबणं जड गेलं. पहिल्या दिवशी त्या दोनदा सवयीने थांबल्याच. गाड्या तपासणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन बदलाची नोंदही त्यांनी करून घेतली. तिथल्या अधिकाऱ्याने गाडीखाली वाकून सगळं पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा गाडीला एवढे ब्रेक?" बाई म्हणाल्या, "उतार काही लहान गाडी बघून लहान होत नाही."

मग एका सकाळी ती दोघं घाट चढून वन्संकडे गेली. रात्री मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघाली. वन्सं मागे, काळा चष्मा लावून, मांडीवर पिशवी. सामान बेताचंच घेतलं होतं. वन्संनी तिसरी ट्रंक चढवायला काढली तेव्हा बाई नुसतं "वन्सं" म्हणाल्या आणि ट्रंक परत आत गेली.

पहिल्या उतारावर बाईंचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारख्या त्या प्रत्येक वळणाच्या खूप आधी ब्रेकला पाय लावत, सोडत, पुन्हा लावत. प्रत्येक वेळी गाडी तेवढीच, त्याच मापाने हळू होई. तीन वळणं झाली. सात झाली. मागून वन्सं अखंड बोलत होत्या, गावातल्या कुणाची सून कशी बोलते आणि कुणाचा मुलगा कसा ऐकतो. खडीचा ढीग होता ते वळण आलं आणि गेलं. आता तिथे ढीगही नव्हता, रस्ता डांबरी झाला होता.

घाटाच्या मध्यावर, रस्ता रुंद होता तिथे, बाईंनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून पुढच्या चाकाजवळ वाकल्या, वास घेतला. काही नाही. चाकातून गरम हवेची झुळूक येत होती, दुपारच्या भिंतीजवळ येते तशी. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही वाकल्या. घड्याळजी खिडकीतून पाहत होते.

"काय झालं ग?" वन्संनी आतून विचारलं. "पोचलो?"

"अर्ध्यात आलोय वन्सं."

"अर्ध्यात? मला वाटलं तू अजून गाडी सुरूच करतेयस."

बाई परत आत बसल्या. पट्टा लावला. उरलेला घाट त्यांनी कसा उतरला हे त्यांना पुढे सांगता यायचं नाही, कारण मध्येच केव्हातरी त्या वन्संच्या गोष्टीत अडकल्या आणि त्या सुनेची बाजू घेऊन भांडू लागल्या. पाय आपलं काम करत होता.

ऑपरेशन नीट झालं, आधी एका डोळ्याचं, मग तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं. वन्सं अडीच महिने राहिल्या. पट्टी निघाल्यावर त्यांनी घरभर हिंडून कोळिष्टकं दाखवली, आणि घड्याळजींना म्हणाल्या की तू इतका म्हातारा झालास हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिवणाचं मशीन माळ्याखाली पडून होतं, ते त्यांनी पुसून घेतलं आणि बाईंना गॅरेजात घालायला जाड कापडाचा एक डगला शिवला, खिसे चार.

त्यांना वर परत पोचवायचं ठरलं त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. बाईंनी गाडी पुसली, चहा घेतला, किल्ली घेतली. वन्सं या वेळी पुढे बसायचं म्हणून अडून बसल्या, सगळं बघायचं होतं त्यांना. घड्याळजी निमूटपणे मागे गेले. गल्लीच्या तोंडाशी गाडी पोचेपर्यंत काच उघडी ठेवायची की बंद यावर नणंद-भावजयींचं जुंपलं होतं, आणि मागे घड्याळजी पाय दुमडून, गुडघे हनुवटीशी घेऊन, डोळे मिटून आरामात बसले होते.